माळवदाच्या गोठ्याला चुन्याचा गिलावा : दोन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

मोहोळ तालुक्यातील आमच्या वस्तीवरचा आजोबांच्या काळातला माळवदाचा, म्हणजे सपाट मातीच्या छताचा, गोठा राहण्याजोगा करण्यासाठी आम्ही सोलापुरातील चुनाकाम करणाऱ्या एका गटाला काम दिले होते. त्यावरून आता दोन पावसाळे गेले आहेत.

याआधी एका गवंड्याने या दगडमातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला होता. वर्षभरात त्याचे पोपडे सुटले आणि कमरेएवढा लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, चढला. जमिनीतून भिंतीत चढणारी ओल सिमेंटमुळे आतच कोंडते आणि क्षार गिलाव्याला मागून ढकलतात, हे या गटाच्या मिस्त्रींनी गव्हाणीजवळचा एक पोपडा नखाने उचलून दाखवले. मागची माती बोटाला ओली लागत होती. त्यांनी सिमेंट काढले, दगडांमधल्या दरजा खरवडून चुन्याने भरल्या आणि चुनकळी (भाजलेल्या चुन्याचे खडे) आमच्याच हौदात विरवून तीन आठवडे मुरू दिली. त्यात हिरड्याचे पाणी आणि गूळ पडल्यावर मुंग्यांची लागलेली रांग आठवडाभर हटली नाही, हे जाता जाता सांगतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपापासून अशा घरांची आपल्याकडे जी धास्ती आहे ती निराधार नाही, कारण भिंतीचे आतले व बाहेरचे अंग एकमेकांना सांधलेले नसेल आणि वर माळवदाचे ओझे असेल, तर धक्क्याने भिंत फुगून फुटते. म्हणूनच गिलाव्याआधी जागोजागी आरपार दगड बसवण्याचा आणि माळवदावर वर्षानुवर्षे चढलेली जादा माती उतरवण्याचा त्यांचा आग्रह आम्ही मानला. त्याचे पैसे वेगळे पडले, पण ते मला खटकले नाहीत.

खटकले ते वेळापत्रक. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश घट्ट होतो आणि तोवर त्याला ओलावा लागतो, हे आम्हांला समजावणाऱ्यांनीच पश्चिमेची भिंत एप्रिलअखेरीस, पारा चाळिशीपार असताना, लिंपायला घेतली. दोन दिवस गोणपाट भिजवायला कोणी फिरकले नाही आणि भिंतभर जाळीसारख्या भेगा उमटल्या. दिवाळीनंतर त्यांनी ती पदरखर्चाने पुन्हा केली, हे मान्य केले पाहिजे. तरीही काम देणाऱ्याने हिवाळाच धरावा आणि पाणी मारण्याची जबाबदारी कोणाची, हे आधी लिहून घ्यावे.

यंदा पायथ्याशी चार बोटे लोणा पुन्हा दिसला, तो कोरड्या ब्रशने झटकला. तेवढा पट्टा काही वर्षांनी बदलावा लागेल, असे मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी सांगितले होते.