एच-इंडेक्स वाढला, पण पेपर माझे नव्हते

पदोन्नतीच्या अर्जात 'संशोधनाचा प्रभाव' असा एक रकाना असतो. तो भरायच्या निमित्तानं मी एक फुकट प्रोफाइल-सेवा वापरायला लागले, त्याला आता सहा वर्षं झाली. आपले पेपर आणि त्यांची सायटेशन्स, म्हणजे इतरांनी आपल्या पेपरमध्ये त्यांचे दिलेले संदर्भ, ती आपोआप गोळा करते. नाव घेत नाही, अशा बऱ्याच सेवांची तऱ्हा सारखीच असते.

आधी चांगलं सांगते. नाव टाकलं की दहा मिनिटांत यादी हजर. आपल्याला कोण सायट करतंय तेही एका क्लिकवर कळतं, आणि मला खरा उपयोग याचाच झाला. माझं काम हिप्पोकॅम्पसवर, म्हणजे मेंदूतल्या आठवणींशी संबंधित भागावर: मेंदूचे पातळ काप जिवंत ठेवायचे आणि एकेका पेशीची विद्युत-नोंद घ्यायची. आमच्या एका पेपरची सायटेशन्स अचानक वाढायला लागली. हुरळून एकेक उघडून पाहिलं, तर निष्कर्षाबद्दल अवाक्षर नाही! सगळ्यांनी उचलली होती ती काप कापतानाच्या द्रावणाची कृती. सोडियमच्या जागी सुक्रोज, मॅग्नेशियम जास्त, कॅल्शियम कमी, म्हणजे पेशी कमी मरतात. आकड्यात यातलं काही दिसत नाही.

आता तक्रार. एका सकाळी एच-इंडेक्स, म्हणजे सायटेशन्सवरून काढलेला आकडा, 11 चा 13 झालेला. यादीत खाली गेले तर दातांच्या रोपणावरचे पेपर! नाव तेच, आद्याक्षरही तेच. खोटं कशाला सांगू, ते काढायला मी एक दिवस लावला. उलट माझे सुरुवातीचे दोन पेपर मधल्या नावाच्या अक्षरासकट छापले होते, ते गायब. हातानं जोडावे लागले. ऑर्किडचा (ORCID, संशोधकांची ओळख-नोंदणी) 16 अंकी क्रमांक (2012 पासून मिळतो) अशा घोळासाठीच आहे. मात्र पेपर पाठवतानाच तो द्यायला हवा.

एच-इंडेक्स हा या सेवेचा दोष नाही, तो 2005 साली जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं मांडला. 11 म्हणजे माझ्या 11 पेपरना किमान 11-11 सायटेशन्स आहेत. बाराव्याला किती, कुणी का केली, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ओकीफ आणि डोस्ट्रोव्स्की या मेंदू-संशोधकांनी 1971 मध्ये हिप्पोकॅम्पसमधल्या 'प्लेस सेल'बद्दल, म्हणजे आपण कुठे आहोत ते टिपणाऱ्या पेशींबद्दल, जेमतेम पाच पानं लिहिली. 2014 च्या नोबेलची वाट तिथून सुरू झाली, पण एच-इंडेक्सच्या हिशेबात तो एकच पेपर. दुसरीकडे, अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनावरचा 2006 चा 'नेचर'मधला गाजलेला पेपर 2024 मध्ये मागे घेतला गेला. तोवर त्याला दोन हजारांवर सायटेशन्स मिळून गेली होती, आणि पेपर मागे घेतला म्हणून ती काही पुसली जात नाहीत.

पाचपैकी तीन तारे. यादीसाठी वापरा, पण महिन्यातून एकदा स्वतः तपासा.

अर्जात मी 11 च लिहिलं आणि खाली त्या द्रावणाबद्दल दोन ओळी घातल्या. मुलाखतीत एक सर आकड्यावरून पुढे सरकले, त्या ओळींशी थांबले आणि म्हणाले, "मॅडम, मॅग्नेशियम नेमकं किती घालता?"