पीपी-एचडी, नायलॉन-पीपी, पेट-पीई: कुठल्या मिक्स मालाला कुठला कंपॅटिबिलायझर?

नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यात प्लास्टिक भंगाराच्या रिप्रोसेसिंगच्या धंद्यात एक सवय पक्की बसली आहे: मिक्स मालाच्या मोल्डिंगला पापुद्रे सुटले की कंपॅटिबिलायझर म्हणून, म्हणजे एकमेकांत न मिसळणारी प्लास्टिकं जोडायला, मॅलेइकवालं पीपी (मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रोपिलीन) टाका. ते स्वस्तही नाही आणि सगळीकडे चालतही नाही.

चालतं ते नायलॉन-पीपीत, आणि झकास चालतं. नायलॉनच्या रेणूच्या साखळीच्या टोकाला अमाइन हा रासायनिक गट असतो. मशीनच्या तापलेल्या बॅरलमध्येच तो मॅलेइक अ‍ॅनहायड्राइडला धरतो. मग एक बाजू नायलॉनची, दुसरी पीपीची अशी साखळी तयार होऊन दोघांच्या सीमेवर बसते. त्यामुळे एका प्लास्टिकचे दुसऱ्यातले थेंब बारीक पडतात आणि मोल्डिंगला दाणा पुन्हा वितळला तरी एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत. २ ते ५ टक्के सहसा पुरतं. याच जागी मॅलेइकवालं एसईबीएस (एक रबरासारखं पॉलिमर) घातलं तर इम्पॅक्ट चांगला वाढतो, पण माल मऊ पडतो. ब्रॅकेटला पीपीवालं घ्या, आपटणाऱ्या पार्टला एसईबीएस. पावसाळ्यात खाडीकाठच्या हवेत नायलॉन सुकवल्याशिवाय हॉपरमध्ये घालू नका, एवढं सांगायलाही नको.

खरी गल्लत पीपी-एचडीत (एचडी म्हणजे एचडीपीई, पीईचा म्हणजे पॉलिइथिलीनचा कडक प्रकार) होते, आणि भंगारात तोच माल जास्त. पीपीची घनता ०.९०-०.९१, एचडीची ०.९४-०.९६, पाण्याची १; म्हणून पाण्याच्या टाकीत दोन्ही तरंगतात, म्हणून वेगळी होत नाहीत. मॅलेइकला जोडून घ्यायला दोघांकडेही काहीच नाही, त्यामुळे इथे तो खर्च वाया. (फिल्ममध्ये नायलॉनचा थर असेल तर गोष्ट वेगळी.) इथे उपाय दोन. इथिलीन-ऑक्टीन इलास्टोमर (रबरासारखं पॉलिमर) सहज मिळतं, पण कडकपणा खातं. पीपी आणि पीई दोन्हींचे तुकडे असलेलं ब्लॉक कॉपॉलिमर महाग, पण कडकपणा फारसा न घालवता चिवटपणा देतं. २०१७ मध्ये कॉर्नेल आणि मिनेसोटा विद्यापीठांच्या संशोधकांनी अशा कॉपॉलिमरच्या अवघ्या १ टक्क्याने ठिसूळ मिश्रण चिवट करून दाखवलं. तो माल स्वच्छ होता. शाई-मातीसकट आलेल्या भंगाराला तोच आकडा लावू नका. बादली-कुंडीला इलास्टोमर पुरे, क्रेटला मात्र ब्लॉक कॉपॉलिमरची ट्रायल घ्याच.

पेट-पीईला (पेट म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) ग्लायसिडिल मेथाक्रिलेटवालं पॉलिमर लागतं; त्यातला इपॉक्सी गट पेटच्या साखळीच्या टोकांशी जुळतो. डोस जास्त झाला की वितळलेला माल घट्ट होतो, जेल (न वितळणाऱ्या गाठी) पडतात. शिवाय पेट नीट सुकवलं नाही तर साखळ्या तुटतात. माझं मत विचाराल तर आधी टाकी वापरा: पेट १.३८ घनतेचं, तळाशी जातं. लॅमिनेटेड फिल्म असेल तरच या वाटेला जा.

ट्रायलचा निकाल नुसत्या टेन्साइल स्ट्रेंग्थवर ठरवू नका, तुटेपर्यंत बार किती ताणला जातो ते बघा. वेल्ड लाईनपाशी, म्हणजे साच्यात मालाचे दोन प्रवाह मिळतात तिथे, पट्टी दुमडा. पांढरी पडून थर सुटले तर जोड बसलेला नाही. सप्लायरकडून मॅलेइकची टक्केवारी आणि एमएफआय (वितळलेला माल किती सहज वाहतो त्याचा आकडा) लेखी घ्या. आणि मिश्रण करणाऱ्या ट्विन स्क्रू मशीनचा व्हॅक्यूम व्हेंट (वाफ ओढून घेणारं तोंड) चालू ठेवा: न जुळलेल्या मॅलेइकच्या वाफेने डोळे आणि घसा चुरचुरतो.