एकच वीकेंड, दोन थाई मालिका: 'सनसेट' बघावी की 'बॅड बडी'?

थाई बीएल, म्हणजे दोन मुलांच्या प्रेमाच्या मालिका, बघायला सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की मी दोनच नावं सांगते: 'आय टोल्ड सनसेट अबाउट यू' (२०२०) आणि 'बॅड बडी' (२०२१). दोन्हींवर माझा जीव आहे, पण दोन्ही सगळ्यांना मानवतील असं नाही.

'सनसेट' फुकेतमध्ये घडते. फुकेत म्हटलं की पर्यटकांनी भरलेले किनारे आठवतात. इथे दिसतं ते चिनी वंशाच्या हॉकियन लोकांचं जुनं गाव. तेह आणि ओ-एव हे दोन नायक. तेहची आई नूडल्सचं दुकान चालवते. ओ-एवचं नावच मुळी तिथल्या एका गोड पदार्थावरून आलंय: बर्फाचा चुरा, जेली, वरून सरबत, आपल्या गोळा-फालुद्याच्या जातीचा. लहानपणचे हे जिवलग मित्र भांडून दुरावलेले असतात आणि कॉलेजप्रवेशाच्या वर्षी चिनी भाषेच्या क्लासमध्ये पुन्हा समोरासमोर येतात. ओ-एवचं चिनी कच्चं, म्हणून तेह त्याला शब्द शिकवायला घेतो. शब्दांची उजळणी करता करता दोघांना जे कळायला लागतं, त्याला मात्र त्यांच्याकडे कुठल्याच भाषेत शब्द नसतो. दिग्दर्शक नरुबेत कुनो यांनी हे फार हळुवार टिपलंय. ओ-एव आरशासमोर लाल ब्रा घालून उभा राहतो तो प्रसंग बघा. तेहला मुलगीच हवी असेल तर मी कसा दिसेन, एवढाच त्या पोराचा प्रश्न, आणि ओ-एव झालेल्या पीपी क्रितने तो नुसत्या डोळ्यांनी विचारलाय. पुढे मोठ्या भावापुढे तेहचा बांध फुटतो, तिथे तेह झालेल्या बिल्किनचं रडणं मला अजून सहन होत नाही.

आता उणं काय ते. तेह फार चुकतो, पुन्हा पुन्हा चुकतो, आणि त्याच्या घालमेलीत तार्न नावाच्या मुलीची फरफट होते. तिच्या दुःखाला मालिकेने पुरेशी जागा दिली नाही, हे मला खटकतं. प्रवेशाच्या जागेवरून तेह जो त्याग करतो तोही जरा अति वाटतो. आणि लगेच पुढचा सीझन लावू नका. दिग्दर्शक वेगळा, गाव बँकॉक, चवही वेगळी. थोडे दिवस जाऊ द्या.

'बॅड बडी'चा बाज अगदी निराळा. शेजारी-शेजारी दोन घरं, धंदा एकच, आणि वैर असं की मुलांनी परीक्षेच्या मार्कांतसुद्धा एकमेकांवर मात करायची. पॅट इंजिनिअरिंगला, प्राण आर्किटेक्चरला. (हो, 'प्राण' म्हणजे आपलाच प्राण, आणि 'पॅट'च्या थाई अक्षरांत संस्कृत 'भद्र' दडलाय. हे कळल्यावर मला उगीचच ती पोरं आपल्या वाड्यातली वाटायला लागली.) पॅट झालेला ओम आणि प्राण झालेला नानोन यांचं एकमेकांना डिवचणं इतकं सहज आहे की पाचव्या भागात गच्चीवर ते सगळं गळून पडतं तेव्हा काळजात लक्कन होतं. बीएलमध्ये 'यातला नवरा कोण, बायको कोण' हा साचा फार चालतो. ही मालिका तो मोडते, आणि पॅटच्या बहिणीची एका मुलीशी जुळणारी गोष्टही मायेने सांगते.

पण १२ भाग आहेत. सुरुवातीच्या भागांतल्या कॉलेजच्या मारामाऱ्या लांबतात, आणि मध्येच पात्रं प्रायोजकांच्या वस्तू हातात घेऊन बोलतात. थाई मालिकांत ही रीतच आहे, तरी रसभंग होतोच. शेवट काहींना अर्धवट वाटतो, कारण आईवडील एका रात्रीत विरघळत नाहीत. मला तर तोच सगळ्यात खरा वाटला. वैराचं मूळ कळतं तेव्हा प्राणच्या आईचा रागही पटतो. शिवाय दोन्ही मालिका आल्या तेव्हा थायलंडमध्ये समलिंगी लग्नाला मान्यता नव्हती. तो कायदा २३ जानेवारी २०२५ ला लागू झाला. घरच्यांपासून लपून जमवलेला संसार हे तेव्हाचं वास्तव होतं.

मालिका म्हणून 'सनसेट' सरस आहे, यात मला शंका नाही. फक्त पाच भाग, कॅमेरा सिनेमाचा, एकही प्रसंग भरतीचा नाही. एकच बघायची असेल तर तीच बघा, पण एकट्याने, रात्री, फोन बाजूला ठेवून. त्या दिवसांत स्वतःच्याच मनावर ओझं असेल, घरी काही सांगायचं राहिलं असेल, तर आधी 'बॅड बडी' घ्या. तिच्यात दम खायला जागा आहे. बहिणीबरोबर किंवा मैत्रिणींबरोबर बघायची असेल तरीही तीच. पहिले दोन भाग नेटाने काढा. पाचव्यापर्यंत पोहोचलात की बाकीचे सात त्याच रात्री संपतील.