‘अ‍ॅना कॅरेनिना’ पुन्हा वाचताना सोबत कोण: नाबोकोव्ह की मॉर्सन?

‘अ‍ॅना कॅरेनिना’ ही टॉलस्टॉयची कादंबरी एकदा वाचून झाली आहे, आता पुन्हा हातात घ्यायची आहे आणि सोबतीला एखादं समीक्षेचं पुस्तक हवं आहे, अशा वाचकासाठी हे लिहितो आहे. पहिल्या वाचनाला मात्र नाबोकोव्ह आणि मॉर्सन यांची ही दोन्ही पुस्तकं लांबच ठेवा. वाचकाला शेवट ठाऊक आहे, असं दोघंही गृहीत धरतात.

कादंबरीकार व्लादिमीर नाबोकोव्हची रशियन साहित्यावरची व्याख्यानं त्याच्या मृत्यूनंतर, १९८१ साली पुस्तकरूपाने आली. तो तुम्हाला कादंबरीतल्या वस्तूंकडे बघायला लावतो. अ‍ॅना रात्रीच्या गाडीने पीटर्सबर्गला परतते, त्या डब्याची त्याने चक्क आकृती काढली आहे. तिची लाल पिशवी तो त्या प्रवासापासून शेवटच्या फलाटापर्यंत नजरेआड होऊ देत नाही. अ‍ॅना-व्रॉन्स्कीचा काळ लेविन-किटीच्या काळापुढे कसा धावतो, हेही तो तारखा लावून दाखवतो. उणीव एकच, पण मोठी: तपशीलवार टिपा आठ भागांपैकी फक्त पहिल्या भागाच्या आहेत.

समीक्षक गॅरी सॉल मॉर्सनचं पुस्तक २००७ चं, आणि ते पूर्णपणे याच कादंबरीवर आहे. त्याच्या मते कादंबरीचा नैतिक कणा डॉली आहे, अ‍ॅना स्वतःची फसवणूक करत जाते, आणि वाईट गोष्टी घडतात त्या बहुधा छोट्या छोट्या दुर्लक्षांतून. स्तिवाबद्दल वाटणारं आपलं कौतुक तो चांगलंच हलवतो. लेविनची शेती आणि सुधारणांचे फसलेले प्रयत्न यांवर तो जे लिहितो, त्याला तोड नाही. नाबोकोव्हला ती शेतीची पानं कंटाळवाणी वाटतात. तिथे मी मॉर्सनच्या बाजूने आहे.

तरीही मॉर्सन वाचल्यावर एक गोष्ट मला फार सलली. पाचव्या भागात अ‍ॅना मुलाच्या वाढदिवशी चोरून त्याला भेटायला जाते. आदल्या दिवशी मायेने निवडलेली खेळणी पुडक्यातून काढायलाही तिला वेळ मिळत नाही, ती तशीच परत घेऊन येते. पहिल्या वाचनात इथे माझा गळा दाटून आला होता. मॉर्सननंतर वाचताना मात्र मी तिची उलटतपासणी करत होतो: ही आता स्वतःला काय पटवते आहे? प्रश्न चुकीचा नसेलही, पण तो माझा नव्हता, आणि काही केल्या डोक्यातून जाईना. नाबोकोव्हही हट्टी, मतं ठोकून देणारा. पण त्याचं मत बाजूला ठेवलं तरी लाल पिशवी आपल्याजवळ उरते. मॉर्सनचं मत असं सहज बाजूला ठेवता येत नाही. पुस्तकाच्या शेवटी तर तो १६३ टॉलस्टॉयी निष्कर्षच मांडतो.

प्रत्येकाची वाचायची रीत वेगळी. ज्यांना कादंबरीतून जगण्याबद्दलचा युक्तिवाद हवा असतो, त्यांना मॉर्सन जास्त देईल, हे मला मान्य आहे. माझ्या टेबलावर मात्र नाबोकोव्ह असतो, आणि लेविनची प्रकरणं आली की तेवढ्यापुरता मॉर्सन उघडतो. पुढे दोस्तोयेव्हस्कीही वाचायचा बेत असेल, तर त्यासाठी वेगळं पुस्तक बघा. नाबोकोव्हला तो लेखक मुळीच आवडत नाही आणि तिथे त्याची सोबत फारशी कामाची नाही.