वाळू गोणीने घ्यावी, ब्रासने की तयार मिश्रणाची पिशवी आणावी?

घरातील एखाद्या खोलीचे जुने प्लास्टर फोडून नवे करायचे ठरले की मिस्त्री एक आकडा सांगून मोकळा होतो: वीस गोण्या वाळू मागवा. हा आकडा चुकीचाच असेल असे नाही, परंतु गोणी हे वाळूचे माप नव्हे, ही त्यातली खरी अडचण आहे. सिमेंटच्या रिकाम्या पिशवीत काठोकाठ भरल्यास सुमारे सव्वा घनफूट वाळू मावते. मात्र कोरड्या वाळूची अशी पिशवी 55 किलोच्या आसपास जाते आणि ती जिन्याने वर न्यायला हमाल सहसा राजी होत नाही. म्हणून दुकानदार ती तोंडाला गाठ मारता येईल इतकी रिकामी ठेवतो आणि प्रत्यक्षात 35 ते 40 किलो, म्हणजे 0.8 ते 0.9 घनफूट वाळूच आपल्या हाती येते. एका ब्रासच्या, म्हणजे 100 घनफुटांच्या, पहिल्या हिशेबाने 80 गोण्या होतात, तर दुसऱ्या हिशेबाने 110 ते 125. त्यामुळे गरज आधी घनफुटांत काढावी आणि समोर दिसणाऱ्या गोणीत किती घनफूट वाळू आहे ते पाहूनच गोण्यांची संख्या ठरवावी.

उदाहरण म्हणून 10 बाय 12 फुटांची आणि 10 फूट उंचीची खोली घेऊ. चारही भिंतींचे क्षेत्रफळ 440 चौरस फूट होते; दार-खिडकी वजा केल्यावर सुमारे 400 उरते. आतल्या भिंतीला 12 मिलिमीटर जाडीचे, एकास चार प्रमाणाचे (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) प्लास्टर धरले तर 100 चौरस फुटांना ओला माल जेमतेम 4 घनफूट लागतो. परंतु विटांचे सांधे, भिंतीतले खड्डे आणि सांडलवंड यांसाठी 20 टक्के वाढ द्यावी लागते, आणि कोरडा माल पाणी घातल्यावर बसतो म्हणून आणखी 30 टक्के. असे धरले की 100 चौरस फुटांना साधारण 5 घनफूट वाळू आणि सिमेंटची एक पिशवी हा हिशेब बसतो. म्हणजे या खोलीच्या भिंतींना 20 घनफूट वाळू लागेल: भरगच्च गोण्या असतील तर 16, नेहमीच्या गाठ मारलेल्या असतील तर 22 ते 25.

फरशीही बदलायची असेल, तर तिच्याखालचा दोन इंचांचा थर विसरू नये. 120 चौरस फुटांच्या जमिनीवर एकास सहा प्रमाणाने तो थर केल्यास सुमारे 22 घनफूट वाळू जाते. चारही भिंतींपेक्षा एकटी जमीन जास्त वाळू खाते, हे बहुतेकांच्या अंदाजात नसते, आणि काम अर्ध्यावर असताना गोण्या संपतात त्या बहुधा याच कारणाने.

आता निवडीकडे येऊ. गोणीची सोय उघड आहे: हवी तेवढीच मागवता येते, रस्त्यावर ढीग पडत नाही, सोसायटीची तक्रार येत नाही आणि माल थेट मजल्यावर पोहोचतो. या सोयीची किंमत मात्र काढून पाहावी. समजा गोणीचा भाव 90 रुपये आहे आणि तीत 0.9 घनफूट वाळू आहे, तर घनफुटाला 100 आणि ब्रासला 10,000 रुपये पडले. हा आकडा आपल्या भागातील सुट्या वाळूच्या ब्रासच्या भावाशेजारी ठेवला की सोयीसाठी आपण किती मोजतो आहोत ते कळते. सुट्या वाळूच्या बाजूला ढिगापासून मजल्यापर्यंतची हमाली धरावीच लागते, नाहीतर तुलना खोटी ठरते. माझ्या मते 25 घनफुटांपर्यंत गोण्या आणि त्यापुढे अर्ध्या ब्रासचा टेम्पो, ही रेषा बऱ्याच घरगुती कामांना लागू पडते. ढीग टाकायला जागाच नसेल तर अर्थात ती सोडून द्यावी लागते.

टेम्पो घेतला तर माल उतरवण्यापूर्वी मोजावा. हौद्यातील वाळू फावड्याने सपाट करून लांबी, रुंदी आणि उंची फुटांत घ्यावी: 8 बाय 5 फुटांच्या हौद्यात सव्वा फूट उंचीची सपाट वाळू म्हणजे 50 घनफूट, अर्धा ब्रास. मध्ये उंच आणि कडेला उतरती रचलेली वाळू डोळ्यांना जास्त दिसते, म्हणून सपाट करण्याचा आग्रह सोडू नये.

मापातली याहून मोठी फसगत ओलाव्यामुळे होते, आणि त्यात दुकानदाराचा हेतू वाईट असण्याचीही गरज नसते. थोडी ओलसर वाळू फुगते, कारण पाण्याचा पातळ थर कणांना एकमेकांपासून दूर ठेवतो. बारीक वाळूत ही वाढ 20 ते 30 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. ती तपासायला एक काचेची उभी बरणी पुरते. ओलसर वाळू न दाबता 6 इंचांपर्यंत भरावी, मग ती पूर्ण बुडेल इतके पाणी घालून ढवळावी आणि बसू द्यावी. वाळू 5 इंचांवर आली तर फुगवटा 20 टक्के आहे, आणि आपल्याला 20 ऐवजी 24 घनफूट मागवायला हवेत. यातून ऐकायला उलटी वाटणारी एक गोष्ट निघते: ओलसर वाळूची काठोकाठ गोणी कोरड्या वाळूच्या तशाच गोणीपेक्षा हलकी भरते. 5 टक्के पाणी असलेली वाळू वजनाने घेतली तर नुकसान त्या 5 टक्क्यांचेच असते, घनफुटाने घेतली तर 20 टक्क्यांचे. म्हणून पावसाळ्यात गोणी काट्यावर ठेवून घेणे फायद्याचे.

तयार मिश्रणाच्या 40 किलोच्या पिशवीत हा सगळा व्याप उरत नाही, कारण सिमेंट आणि वाळू ठरलेल्या प्रमाणात आधीच मिसळलेली असते आणि फक्त पाणी घालायचे असते. 12 मिलिमीटर जाडीला एक पिशवी साधारण 20 चौरस फूट पुरते. आपल्या खोलीला नासधूस धरून 22 ते 24 पिशव्या लागतील. माल महाग पडतो, पण गोण्यांतल्या 20 घनफूट वाळूबरोबर चार पिशव्या सिमेंटही वर चढवावे लागते, ती चाळावी लागते आणि चाळणीवर उरलेले खडे-शिंपले पुन्हा खाली न्यावे लागतात, हे विसरू नये. एकच स्नानगृह किंवा उद्वाहक नसलेला चौथा मजला असेल, तर मी तयार मिश्रणच घेईन. पूर्ण घराचे प्लास्टर असेल, तर नाही.

नदीची वाळू की दगडाचा चुरा, हा प्रश्न गोण्यांच्या संख्येत फारसा फरक करत नाही. चुरा घेतल्यास तो प्लास्टरसाठीचा, बारीक चाळलेला आहे ना, एवढे विचारावे. काँक्रीटसाठीचा जाड चुरा भिंतीवर नीट घोटला जात नाही. कोकणपट्टीत मात्र वाळू खाडीची असल्यास मीठ धुऊन काढलेले असल्याची खात्री करावी, अन्यथा रंग दिल्यानंतर भिंतीवर पांढरे डाग उमटत राहतात.


हिशेबाच्या वर दोन गोण्या जास्त मागवाव्यात, आणि न उघडलेल्या गोण्या परत घेणार का, हे पैसे देण्यापूर्वीच दुकानदाराला विचारून ठेवावे.