तर्कातली चूक: नाव लॅटिन घ्यावं की मराठी?

रत्नागिरीत वादस्पर्धेची तयारी करणारी माझी भाची या पेचात आहे: समोरच्याची चूक लॅटिन नावाने दाखवू की मराठी?

ऐकणाऱ्याला कळण्यात मराठी पुढे. ‘पोस्ट हॉक एर्गो प्रॉप्टर हॉक’ म्हणजे ‘यानंतर, म्हणून यामुळे’. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला, मग दर्या निवळला, म्हणून नारळामुळेच निवळला, असा तर्क. खरं तर तेव्हा पावसाळी वाऱ्यांचा जोर ओसरू लागलेला असतो. श्रद्धेला त्याने बाध येत नाही, पण कारण वेगळं. आपल्याकडे हेच ‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला’. संस्कृतात काकतालीय न्याय. मागच्या रांगेतल्या आजींनाही लगेच उमगतं.

नेमकेपणात मात्र लॅटिन सरस. ‘अ‍ॅड होमिनेम’ला आपण ‘वैयक्तिक टीका’ म्हणतो, ते अपुरं आहे. साक्षीदार खोटं बोलतो हे दाखवणं वैयक्तिकच, तरी गैर नाही. मुद्दा टाळून माणसावर घसरणं गैर, तेच ‘अ‍ॅड होमिनेम’. ‘वितंडा’ही आपण सैल वापरतो, न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रात, त्याचा अर्थ स्वतःची बाजू न मांडता फक्त खंडन करणं.

पाठांतराला लॅटिन जड.

तेव्हा मराठी व्यासपीठावर मराठीच. तर्कशास्त्राचा पेपर किंवा इंग्रजी पुस्तकं असतील, तर लॅटिन अर्थासकट शिकावं.