नव्या प्रजासत्ताकाचे पहिले सरकार: संसदीय की अध्यक्षीय?
नवी राज्यघटना लिहिताना हमखास अडणारा प्रश्न म्हणजे सरकार संसदीय असावे की अध्यक्षीय. स्थैर्यात अध्यक्षीय पद्धत सरस ठरते, कारण १७८९ मध्ये अमेरिकेत पहिले अध्यक्ष वॉशिंग्टन यांना मिळाली तशी चार वर्षांची निश्चित मुदत असते. उलट फ्रान्सच्या चौथ्या प्रजासत्ताकात (१९४६-५८), जिथे संसदीय पद्धत होती, वीसहून अधिक सरकारे आली आणि गेली. उत्तरदायित्वात मात्र पारडे फिरते: संसदेचा विश्वास गमावताच मंत्रिमंडळ जाते, तर अमेरिकी अध्यक्षाला महाभियोगाने हटवण्यासाठी सिनेटमध्ये दोन-तृतीयांश मते लागतात, आणि संस्था कोवळ्या असताना न हटणारा अध्यक्ष ही, माझ्या मते, डळमळीत मंत्रिमंडळापेक्षा मोठी जोखीम आहे. अनेक गटांना सत्तेत वाटा द्यावा लागणाऱ्या देशाला संसदीय पद्धत मानवते. न्यायालये आणि विधिमंडळ आधीच भक्कम असतील, तर अध्यक्षीय चालेल.